बर्फातली गाडी: आधी टायर बघा

संपादक महोदय,

टिळकवाडीत माझं टायरचं दुकान आहे. इथली बरीच मुलं जर्मनी-कॅनडात नोकरीला. थंडी आली की त्यांचे वडील दुकानात येऊन विचारतात, पोरगा बीएमडब्ल्यू थ्री सिरीज घेतोय, रिअर-व्हील (इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना) घ्यावी की ऑल-व्हील (जोर चारही चाकांना)?

माझं मत ठाम आहे. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला निसरड्यावरून हलवते, चढ चढवते. पण ब्रेक कुठल्याही गाडीत चारही चाकांना असतात. थांबताना पकड टायरचीच. साध्या उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होत जातं. विंटर टायरचं मऊ राहतं आणि नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला धरतात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, ही खूण बघूनच घ्या. आणि चारही बदला. दोनच बदलले तर मागची-पुढची पकड वेगळी होऊन गाडी गिरकी घेते.

पैसे मोजकेच असतील तर रिअर-व्हील आणि चार चांगले विंटर टायर घ्यावेत. रोज डोंगराळ, बर्फ न काढलेला रस्ता असेल तर मात्र ऑल-व्हीलच, तेही विंटर टायरसह.

इथे कुणी हौसेने विंटर टायर मागवू नयेत, आपल्या उन्हात ते भराभर झिजतात. चोर्ला घाटात पहाटे धुकं असतं, रस्ता ओला असतो. तिथे नक्षीची खोली महत्त्वाची. खाचेतल्या आडव्या पट्टीला नक्षी टेकली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. पावसाळी घाटासाठी तर मी ३ मिलिमीटरलाच बदलायला सांगतो.

— एक टायर विक्रेता, टिळकवाडी, बेळगाव