बाजारातल्या बायांनी पाणी प्यायचे कधी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी निवृत्त परिचारिका आहे. ३३ वर्षे नोकरी केली, त्यातली १९ वर्षे स्त्रियांच्या वॉर्डात गेली. पुण्याच्या एका उपनगरात राहते. आमच्या इमारतीपासून चालत सहा-सात मिनिटांवर एक मोकळे मैदान आहे आणि तिथे दर रविवारी सकाळी शेतकऱ्यांचा आठवडी बाजार भरतो. त्या बाजाराविषयी लिहायचे आहे, आणि तिथे येणाऱ्या बायांविषयी.

बाजार लहानच आहे. गेल्या रविवारी मी मुद्दाम मोजले, २८ जण बसले होते. त्यांत ११ बाया. कुणी ताडपत्री अंथरून, कुणी क्रेट उलटे घालून त्यावर फळी टाकून. पुरंदरकडचे लोक या दिवसांत वाटाणा, घेवडा आणि सीताफळे आणतात. नारायणगावकडचे एक जोडपे टोमॅटो आणते. मावळातले एक आजोबा इंद्रायणी तांदळाची पोती घेऊन येतात. मूठभर तांदूळ हातावर ठेवून आधी वास घ्यायला लावतात, मग भाव सांगतात. मुळशीची एक मुलगी पाटीत रानभाज्या आणते. श्रावणात तिच्याकडून भारंगी घेतली तेव्हा तिने दोनदा बजावले, पाला उकडून पाणी टाकून द्या, नाहीतर कडू लागेल आणि मला बोल लावाल. पुढच्या रविवारी आठवणीने विचारलेही, कशी झाली होती भाजी?

मला हा बाजार फार आवडतो. नोकरीत असताना भाजी म्हणजे ड्यूटी संपवून येताना हाती लागेल ते. आता सकाळी साडेसहाला पिशव्या घेऊन निघते. वाटाण्याची शेंग कानाजवळ धरून दाबली की टचकन आवाज येतो, ती आदल्या दिवशी तोडलेली. कोथिंबिरीच्या मुळांची माती धुतलेली असते आणि जुडी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेली असते, म्हणून बुधवारपर्यंत हिरवी राहते. आणि ज्या हातांनी ती जुडी बांधली त्याच हातांत आपण पैसे ठेवतो. २०१६ च्या जुलैमध्ये राज्यात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि शेतकऱ्याला बाजार आवाराबाहेर थेट विकायची वाट खुली झाली. कृषी पणन मंडळाने सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान चालवले. ही वाट खुली झाली हे फार चांगले झाले, असे मी मनापासून म्हणते. पहाटे यार्डात माल उतरवायचा, लिलावात काय निघेल त्याची वाट पाहायची, हमाली-तोलाईचा हिशेब ऐकायचा आणि आडत्याकडून मिळेल ती पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, घेऊन परतायचे, यापेक्षा इथे ताठ मानेने बसून आपला भाव आपण सांगणे कितीतरी बरे.

पण आता मूळ गोष्टीकडे येते.

सासवडच्या बाजूच्या एका गावातून एक बाई येतात. वय पंचेचाळिशीच्या आसपास. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला ताई म्हणतात. त्यांच्याकडून मी वर्षभर भाजी घेते आहे. जुलैतल्या एका रविवारी झिमझिम पाऊस होता, त्या प्लास्टिकचा कागद पांघरून बसल्या होत्या. मी कोपऱ्यावरच्या टपरीवरून दोन चहा आणले. एक त्यांच्यापुढे धरला, तर त्यांनी हात जोडले.

“नगं ताई. तुमी घ्या.”

मला वाटले उपास असेल. तसे विचारले. त्या जरा इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, “उपास न्हाई वो. च्या घेतला की जावं लागतं. आन् हितं जायाला कुटं हाय?”

मी तिथेच उभी राहिले. मैदानाच्या मागच्या भिंतीकडे पुरुष जातात, ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसते. बायांनी कुठे जायचे? मग मी त्यांच्याजवळ पाटीवर बसून त्यांचा रविवार समजून घेतला. अडीचला उठायचे. भाकरी थापून ठेवायची. आदल्या संध्याकाळी बांधलेल्या जुड्या, शेंगांची पोती छोट्या हत्तीत भरायची. गावातले तिघे-चौघे मिळून तो टेम्पो करतात. चारला गाव सोडायचे. अंधारातच दिवे घाट उतरायचा. पावणेसहाला मैदान. साडेसहापासून गिऱ्हाईक. एक वाजता आवरायचे, उरलेला माल मिळेल त्या भावाने द्यायचा, सामान चढवायचे आणि घरी पोचेपर्यंत तीन. म्हणजे पहाटे चार ते दुपारी तीन, तब्बल ११ तास. या अकरा तासांत लघवीला जायची सोय नाही म्हणून त्या आदल्या रात्रीच्या जेवणापासूनच पाणी कमी करतात. सकाळी रक्तदाबाची गोळी असते, ती घोटभर पाण्याबरोबर घेतात, तेवढेच.

“आन् पाळी आसली की?” मी विचारले.

“मंग मालकास्नी धाडते. पर त्येंचा आवाज निगत न्हाई गिऱ्हाइकाफुडं, माल तसाच परत येतो.”

संपादक महाशय, त्या रात्री मला झोप लागली नाही. स्त्रियांच्या वॉर्डात मी अशा किती बाया पाहिल्या आहेत! हुडहुडी भरून ताप, कंबरेत आणि कुशीत कळा, लघवीला आग. केसपेपर लिहिताना मी विचारायची, दिवसातून किती वेळा लघवीला जाता? उत्तर यायचे, “सकाळी आन् रातच्याला.” कारण सरळ आहे. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा असतो, पुरुषाचा अठरा-वीस सेंटीमीटरचा. जंतूंना बाहेरून मूत्राशयापर्यंत पोचायला बाईच्या शरीरात अंतरच थोडे असते. पाणी प्यायले आणि वेळेवर लघवी झाली की बरेचसे जंतू धुऊन जातात. पाणी तोडले आणि तासन् तास लघवी तुंबवून धरली की ते तिथे वाढत राहतात, वर मूत्रपिंडापर्यंतही पोचतात. खडे होण्यालाही कमी पाणी पिणे हे एक कारण आहे. गरोदर बाईला मूत्रपिंडाचा संसर्ग झाला तर दिवस पुरे होण्याआधीच प्रसूती होण्याचा धोका असतो. मुळशीच्या ज्या मुलीकडून मी रानभाज्या घेते, ती सध्या सातव्या महिन्यात आहे.

आणि त्या वॉर्डातून घरी सोडताना मी प्रत्येकीला काय सांगत आले? “पाणी भरपूर प्या, लघवी रोखून धरू नका.” हजारदा सांगितले असेल. एकीलाही कधी विचारले नाही की बाई, तू दिवसभर असतेस कुठे, आणि तिथे जायला जागा आहे का? याचे मला आज फार वाईट वाटते. म्हणूनही हे पत्र लिहिते आहे.

पुढच्या रविवारी मी त्यांना घरी घेऊन आले. शेजारच्या ताडपत्रीवरच्या बाईंनी त्यांचा माल सांभाळला. खाली पार्किंगच्या नळावर त्या कितीतरी वेळ पाय धूत होत्या. मी म्हटले चला हो, तर म्हणाल्या, “फरशी खराब हुईल तुमची.” घरात आल्यावर बाथरूमला गेल्या, मग तांब्याभर पाणी प्यायल्या, मग चहा. परतताना जिन्यात म्हणाल्या, आज डोकं दुखत नाही. तिसऱ्या रविवारी दोघी आल्या, मग चौघी. मग एके दिवशी रखवालदाराने त्यांना फाटकावर अडवले. त्याचा दोष नाही, त्याला तसे सांगण्यात आले होते. बाहेरच्या माणसांची ये-जा नको, असा निरोप मला मिळाला. मी समजावून सांगितले, काहींना पटले, काहींना पटले नाही. खरे सांगायचे तर एका घरातल्या बाथरूमवर अकरा बायांची सोय व्हावी हे बरोबरही नाही. जाऊन-येऊन वीस मिनिटे मोडतात, आणि सकाळी आठ ते दहा ही तर विक्रीची वेळ.

मैदानापासून सगळ्यात जवळचे सार्वजनिक स्वच्छतागृह सुमारे एक किलोमीटरवर, मोठा रस्ता ओलांडून आहे. तिथे मी स्वतः जाऊन आले. पुरुषांना मुतारी फुकट, बायांना पाच रुपये. आतल्या दोन दारांपैकी एकाला कडी नव्हती. मैदानाला लागून एक शाळा आहे, तिच्या मागच्या अंगाला मुलींसाठी चांगली सहा स्वच्छतागृहे आहेत, पण रविवारी कुलूप.

संबंधित कार्यालयात मी तीन अर्ज दिले. तिन्हींची पोच माझ्याजवळ आहे. पहिल्याचे उत्तर आले नाही. दुसऱ्याच्या वेळी तोंडी सांगितले गेले की हा बाजार तात्पुरता आहे, तात्पुरत्या जागेवर बांधकाम करता येत नाही. तिसऱ्या अर्जात मी स्पष्ट लिहिले होते की बांधकाम मागितलेलेच नाही, आठवड्यातून एकदा सात-आठ तासांसाठी चाकांवरचे स्वच्छतागृह उभे करा. लग्नकार्याला, सभेला, पालखीच्या दिवसांत अशी फिरती स्वच्छतागृहे आपण पाहतोच. याच पुण्यात जुन्या बसगाड्यांतून स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे तयार झालेली आहेत. हे पुणे शहराला न जमण्यासारखे काम नाही.

आणि हा काही माझ्या एकटीच्या मनातला हट्टही नव्हे. स्त्रियांना सार्वजनिक ठिकाणी स्वच्छतागृहे मिळावीत यासाठी ‘मिळून साऱ्याजणी’ या पुण्यातल्याच मासिकाने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. तीवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना समित्या नेमून स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहांची व्यवस्था करण्याबाबत निर्देश दिले. त्याआधी २०११ पासून मुंबईत ‘राइट टू पी’ म्हणजे ‘लघवीचा हक्क’ या नावाने बायांनीच मोहीम चालवली होती. बायांकडून पैसे का आणि पुरुषांकडून का नाही, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता. सासवडच्या ताईंना यातले काही ठाऊक नाही. त्यांना एवढेच ठाऊक आहे की चहा नको म्हणायचे.

माझे मागणे असे आहे. शेतकरी बाजाराला जागा देताना जसा वाहनांच्या रांगेचा, कचऱ्याचा विचार होतो, तसाच स्वच्छतागृहाचा आधी व्हावा. ते नसेल तर परवानगी पुरी झाली असे समजू नये. स्वच्छतागृहात पाण्याची टाकी हवी, आतून लागणारी कडी हवी, पिशवी अडकवायला खुंटी हवी (पैशांची पिशवी कमरेला बांधलेली असते, ती चिखलात ठेवता येत नाही), आणि पॅड टाकायला झाकणाचा डबा हवा. बाया पहाटे पावणेसहाला पोचतात तेव्हा अंधार असतो, म्हणून दिवा हवा. किल्ली बाजारातल्याच एखाद्या बाईच्या हाती असावी. शेतकरी दर आठवड्याला जागेचे पैसे भरतात, त्यातला काही भाग झाडलोटीला ठेवता येईल. हवे तर आम्ही गिऱ्हाइके वर्गणी काढू. मी माझ्यापुरते सांगून ठेवते, वर्षभराची वर्गणी द्यायला मी तयार आहे.

तोवर त्या शाळेच्या चालकांना हात जोडून विनंती आहे की रविवारी मागचे फाटक उघडावे. तिथली साफसफाई दर रविवारी दुपारी करून देण्याची जबाबदारी आमच्या इमारतीतल्या सहा जणींनी घेतली आहे. तसे पत्र त्यांना दिले आहे, उत्तराची वाट पाहत आहोत.

आपल्या वृत्तपत्राचे वाचक गावोगावच्या अशा बाजारांत जात असतील. त्यांना एवढेच सांगते, पुढच्या खेपेला भाजी घेताना त्या बाईला विचारा, ताई, पाणी प्यायलात का? आणि उत्तर ऐकून आपल्या भागातल्या कार्यालयात एक अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.

येत्या रविवारी सकाळी साडेसहापासून एक वाजेपर्यंत मी मैदानात, वाटाण्याच्या पोत्यांजवळ बसणार आहे. संबंधित खात्यातल्या कुणाला प्रत्यक्ष पाहायचे असेल तर त्यांनी जरूर यावे. मी त्यांना त्या अकरा जणींशी बोलायला घेऊन जाईन, आणि एक किलोमीटरवरच्या त्या कडी नसलेल्या दारापर्यंतही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, पुणे