अठरा पूर्ण झाले, मग पुढे?

सीताबर्डीत माझे झेरॉक्सचे दुकान आहे. अठरा पूर्ण झाल्याने बालगृहातून नुकताच बाहेर पडलेला एक मुलगा परवा आला. प्लास्टिकच्या पिशवीत दहावीची गुणपत्रिका, दोन फोटो आणि आधार कार्ड. त्यावर पत्ता अजून संस्थेचाच. रात्री कुठे झोपतोस, विचारले तर मान खाली घालून म्हणाला, "मोरभवनच्या बसस्टँडवर." बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 46 नुसार अशा मुलांना अर्थसाहाय्य देता येते; अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय 21 वर्षांपर्यंत आहे. त्याला हे कुणी सांगितलेच नव्हते! अनाथ प्रमाणपत्राचेही नाही. बालगृहांना कळकळीची विनंती: सोळावे लागताच प्रत्येक मुलाला समोर बसवून हे हक्क समजावून सांगा, आणि सगळी कागदपत्रे हाती दिल्याशिवाय त्याला निरोप देऊ नका.

– एक वाचक, सीताबर्डी, नागपूर