गावाला इतिहास आहे, ताई

चि. ताई हिस आबांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आबा, आपल्या गावाला कसला आलाय इतिहास? ना किल्ला, ना वाडा." मला पटकन काही सुचलं नाही. रात्रभर तेच डोक्यात राहिलं, म्हणून आज लिहायला बसलो.

सीना-भीमेचा संगम आपल्या शिवारापासून दोन कोसांवर. तू बालवाडीत असताना तुला सायकलच्या दांडीवर बसवून हत्तरसंग कुडलला नेलं होतं, आठवतं? संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा लेख आहे. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत तो मोडतो. 'वाछि तो विजेया होइवा', वाचील तो विजयी होईल. मी तुला खांद्यावर घेतलं होतं आणि तू त्यातला एकच 'व' ओळखून टाळ्या पिटल्या होत्यास. भीमेच्या पलीकडं कर्नाटक, अलीकडं आपण. शेजारच्या अव्वा चुलीपाशी कन्नड बोलतात आणि दारात आल्या की मराठी. आपण दोन्हींत वाढलो.

पण मला सांगायचंय ते याहून जवळचं आहे. माळावरचा पाझर तलाव तू पोहायला जायचीस तो. तो 1972 च्या दुष्काळात झाला. मी तेव्हा आठ वर्षांचा. जनावरं कवडीमोलानं गेली, विहिरींचे तळ दिसले. तुझी आजी भल्या पहाटे खडी फोडायला जायची, मग तलावाच्या भरावावर माती टाकायला. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं होतं ना? ते तिथल्या हातोड्यानं. कामावर सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा खाऊ, वाटायचे. ती अर्धी खाऊन उरलेली पदराच्या गाठीत बांधून माझ्यासाठी आणायची. घामानं ओलसर झालेली ती पिवळी सुकडी मी चिमटी-चिमटीनं पुरवून खायचो. घरात मिलो, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापतानाच फाटायची, आणि आपल्याकडच्या मालदांडी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली आजी तव्यापाशी बसून रडायची. तो भराव गावानं डोक्यावर माती वाहून उभा केलाय. तिथं कुणाच्या नावाची पाटी नाही.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या खडीवर वेशीबाहेरच्या वस्तीतली माणसं आणि आपण एका रांगेत बसलो, एकाच घमेल्यातली सुकडी खाल्ली. पुढं पाऊस पडला, आडाला पाणी आलं आणि आडावर जुनी रीत परत आली. त्या वस्तीतल्या बायका रिकामी घागर घेऊन लांब उभ्या, कुणीतरी वरून ओतील म्हणून. आपल्या घरानंही ते चालू दिलं. याची मला आजही शरम वाटते. गावाचा इतिहास सांगताना हे गाळलं तर बाकीचंही खोटं ठरेल.

सावडीचं काय सांगू! ज्वारी उपटायची वेळ आली की आज आमच्या रानात, उद्या तुमच्या. हाताला फोड यायचे, संध्याकाळी सगळे मिळून तेल चोळत बसायचे. आता उजनी धरणाचं पाणी जोडकालव्यातून सीनेत येतं, काठाला ऊस झालाय, उसाच्या तोडीला टोळ्या बाहेरून येतात. पैसा आला हे बरंच झालं, त्या पैशावर तू शिकलीस. पण सावड मोडली ती मोडलीच.

येळवस मात्र टिकलीय. मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं गाव रानात. कडब्याची खोप, आत पाच दगडांचे पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातलं आंबील. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, ओळख असो-नसो. गेल्या खेपेला एस.टी. चुकलेली दोन कॉलेजची पोरं अशीच आपल्या खोपीत जेवली. तुझ्या आईनं त्यांना वाटेसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली.

यंदा तलावातला गाळ काढायचं ठरलंय, आता वेशीबाहेरची वस्ती आणि गाव अशा दोन्हीकडची पोरं पुढं आहेत. येळवसेला रानातच बैठक आहे. तू ये. जावईबापूंना आणि छोटीलाही आण. ज्वारी तेव्हा निसवलेली असेल, हुरड्याला जरा कोवळी. दोन दिवस आधी कळव, म्हणजे खोप मोठी बांधतो. छोटीला तलावाच्या भरावावरून चालत नेईन. आजीनं माती टाकली ती बाजू मला माहीत आहे.

तुझे,
आबा