मंत्रीसाहेब, 'साठ टक्के सक्सेस' म्हणजे नक्की कशाचे साठ?

मा. आरोग्यमंत्री साहेब,

नमस्कार. मी ४३ वर्षांची आहे, फ्रोझन डोनर एगची, म्हणजे दुसऱ्या बाईने दिलेल्या गोठवलेल्या स्त्रीबीजांची, टेस्ट ट्यूब बेबीची एक सायकल (उपचाराची एक पूर्ण फेरी) करून झालीये आणि मूल झालेलं नाही. डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही, ते चांगले होते, रात्री फोन केला तरी उचलायचे. तक्रार एका आकड्याबद्दल आहे. पहिल्याच भेटीत काउन्सेलर म्हणाल्या की आमचा सक्सेस रेट साठ टक्के, आणि तो आकडा घेऊन आम्ही दोघं घरी आलो, रात्रभर त्यावरच बोललो आणि सकाळी हो म्हणून टाकलं. साठ टक्के म्हणजे शंभरातले साठ हे शाळेतच कळलेलं, पण ते शंभर कोण हे विचारायचं काही सुचलं नाही.

आमचा हिशोब असा. सहा बीजं आली. थॉ केल्यावर, म्हणजे गोठलेली बीजं परत गरम करून काढल्यावर, पाच जगली. इक्सी करून, म्हणजे प्रत्येक बीजात सुईने एक शुक्राणू सोडून, चार फलित झाली. पाचव्या दिवशी हातात दोन ब्लास्टोसिस्ट (पाच दिवस वाढलेले गर्भ), एक चांगला, एक यथातथा. चांगला आधी ट्रान्सफर केला, म्हणजे गर्भाशयात सोडला, बीटा (प्रेग्नन्सीची रक्त तपासणी) निगेटिव्ह. मग दुसरा, बीटा पॉझिटिव्ह, आणि सहाव्या आठवड्यात सगळं संपलं. नंतर धीर करून विचारलं की तुमच्या साठ टक्क्यांत मी कुठे बसते, तर कळलं की बीटा पॉझिटिव्ह आला की ते यश धरतात. म्हणजे साहेब, कागदावर मी यशस्वी आहे!

त्या दिवसापासून जे मिळेल ते वाचत सुटले. यश कशावर ठरतं हे समजलं तर हा एक आकडा किती पोकळ आहे ते कळतं, म्हणून थोडं सांगते.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बीज देणारीचं वय. घेणारीचं चाळीस असो की पंचेचाळीस, बीज पंचविशीतल्या मुलीचं असेल तर गर्भाची तब्येत त्या पंचविशीची, म्हणून तर डोनर एगकडे लोक वळतात. आणि गोठवल्यावर बीजाचं वय तिथेच थांबतं, टाकीत किती वर्षं होतं याने फारसा फरक पडत नाही.

पण गोठवणं आणि परत काढणं हीच खरी मेख आहे. स्त्रीबीज ही शरीरातली सगळ्यात मोठी पेशी, तरी जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग, आणि आत पाणीच पाणी. हळूहळू गोठवलं की त्या पाण्याचे बर्फाचे कण होतात आणि आतली नाजूक रचना मोडतात. गोठवलेल्या बीजापासून पहिली प्रेग्नन्सी १९८६ मध्येच झाली होती, तरी पुढची वीसेक वर्षं हे काम अडखळतच चाललं ते याचमुळे. मग व्हिट्रिफिकेशन आलं, बीज क्षणात उणे १९६ डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये, म्हणजे बर्फ व्हायला वेळच नाही, थेट काचेसारखं घट्ट. अमेरिकेतल्या प्रजनन तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये एग फ्रीझिंगवरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला. स्पेनमधल्या २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात डोनरची ९२ टक्क्यांहून जास्त गोठवलेली बीजं थॉनंतर जगली, आणि प्रेग्नन्सीचं प्रमाण ताज्या बीजांइतकंच आलं.

आता हे वाचून कुणालाही वाटेल की मग प्रश्न कुठे आहे. प्रश्न हातांचा आहे. ती कमाल रोज तेच काम करणाऱ्या लॅबची होती. थॉ करताना बीज काही सेकंदांत गरम करावं लागतं, तिथे जरा रेंगाळलं की परत बर्फ धरतो. एका लॅबने गोठवलेलं बीज दुसऱ्या लॅबमध्ये दुसऱ्याच पद्धतीने उघडलं तर काय होईल? आणि मधला प्रवास, टाकीची देखरेख, अलार्म? २०१८ च्या मार्चमध्ये क्लीव्हलँड आणि सॅन फ्रान्सिस्को इथे एकाच वीकेंडला दोन वेगवेगळ्या सेंटरच्या टाक्या बिघडल्या, हजारो बीजं आणि गर्भ धोक्यात आले. सक्सेस रेटच्या पाटीवर यातलं काही दिसत नाही.

मग संख्या. ताज्या सायकलमध्ये डोनरची सगळी बीजं एकीलाच मिळू शकतात, फ्रोझनमध्ये बँक ठरावीक बीजांचा लॉट देते, आमचा सहाचा होता. प्रत्येक पायरीवर गळती ठरलेलीच, आमच्या सहाचे दोन झाले तसं. एक बीज कमी मिळणं म्हणजे नुसतं एक बीज कमी नाही, शेवटी हातात येणारे गर्भही त्याने कमी होऊ शकतात. मला कुणी आधी सांगितलं असतं की सहाचे बहुतेक दोन होतील, तर आम्ही तयारी वेगळी केली असती, पैशाचीही आणि मनाचीही.

नवऱ्याच्या स्पर्मचा भाग तर लोक विसरूनच जातात. डोनर एग घेतलं म्हणजे बाजू सांभाळली गेली असं सगळ्यांना वाटतं, पण अर्धा माल तर त्याचाच ना. आमच्याकडे त्याची तपासणी एकदाच झाली, तीही जुनी.

आणि माझं गर्भाशय. अस्तर साधारण सात मिलिमीटरच्या वर हवं, प्रोजेस्टेरॉन (अस्तर तयार करणारं हार्मोन) नेमक्या दिवशी सुरू व्हायला हवं, पोकळीत घुसलेला फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) नको, गर्भनलिकेत पाणी साठलेलं नको, कारण ते पाणी गर्भाशयात झिरपून गर्भ रुजण्याची शक्यता जवळपास निम्मी करतं, आणि नळी काढली किंवा बंद केली की फरक पडतो. हे सगळं ट्रान्सफरच्या आधी सापडणारं आहे. थायरॉइड, वजन, सिगारेट हे तर सगळे सांगतातच.

आता मुद्द्यावर येते. अमेरिकेतल्या २०१३ च्या डोनर सायकलींचा एक अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. फ्रोझन बीजांमध्ये सुरू केलेल्या सायकलींमागे ४३.२ टक्के बायकांना मूल झालं, आणि फक्त ट्रान्सफरपर्यंत पोचलेल्या धरल्या तर ४७.१. ताज्या बीजांचे हेच आकडे ४९.६ आणि ५६.१. वर्ष तेच, बायका त्याच, फक्त भागाकार बदलला आणि टक्के वाढले. त्यात मूल न धरता पॉझिटिव्ह बीटा धरला तर अजून वाढतील. ज्यांची बीजं थॉमध्येच गेली त्या ट्रान्सफरच्या आकड्यात येतच नाहीत, जणू त्या कधी आल्याच नव्हत्या.

म्हणून मागणी साधी आहे. तुमच्या खात्याने एक फॉर्म ठरवून द्यावा आणि प्रत्येक सेंटरला तो दरवर्षी भरायला लावावा: किती बीजं थॉ केली, किती जगली, किती फलित झाली, किती ब्लास्टोसिस्ट झाले, किती जणींनी सायकल सुरू केली आणि त्यातल्या कितीजणींना जिवंत मूल झालं. अमेरिकेत सेंटरचे आकडे जाहीर करायचा कायदा १९९२ चा आहे, म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये.

सेंटरवाले म्हणतील की आकडे जाहीर केले तर अवघड पेशंटना कुणी घेणारच नाही. भीती खरी आहे, म्हणूनच वय आणि कारणानुसार वेगवेगळे रकाने ठेवा. आणि जुळ्यांचा रकाना वेगळा ठेवाच, नाहीतर टक्के वाढवायला दोन-दोन गर्भ सोडतील. डोनर एगच्या प्रेग्नन्सीत बीपीचा त्रास मुळातच जास्त होतो, त्यात जुळी म्हणजे आईच्या जिवाशी खेळ.

पुढच्या महिन्यात आम्ही दुसऱ्या सेंटरमध्ये जातोय. या वेळी प्रश्न लिहून नेणार आहे, पहिला प्रश्न थॉचा. फॉर्मचा कच्चा मसुदा मी केलाय, एकाच पानाचा आहे, तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर आजच टाकते.

आपली,
कागदावर यशस्वी ठरलेली एक पेशंट