दूध-मटण सोडलंस, पण त्याजागी काय?

ता. सेलू, जि. वर्धा
कार्तिक शुद्ध पंचमी

प्रिय गजू,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा वावरात थ्रेशर चालू होतं, अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही. एवढं समजलं की रक्ताच्या तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि तू मटण, अंडी, दूध, दही सगळं एका झटक्यात बंद केलंस. पोराने बदामाच्या दुधाची खोकी आणि ते पाकिटातलं वनस्पतींचं मटण मागवून दिलं. गजू, निर्णय चांगला आहे. पण काय सोडलं याच्याइतकंच त्याजागी काय आलं हेही महत्त्वाचं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी तुझ्या बाजूचं सांगतो. कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं, डाळीत-धान्यात नसतंच. पण अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जास्त वाढवते ती संपृक्त चरबी, म्हणजे मटणाची चरबी, साय, लोणी, तूप. आणि चोथा, म्हणजे धान्या-डाळीतला तंतुमय भाग, जो एलडीएल खाली आणायला मदत करतो, तो मटणात आणि दुधात अजिबात नाही. म्हणून आठवड्यातले चार दिवस मटणाऐवजी डाळ-उसळ आली की एकीकडे चरबी घटते आणि दुसरीकडे चोथा वाढतो. दुहेरी फायदा आहे हा.

पाकिटातल्या मटणावर अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एक प्रयोग झाला, 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. 36 माणसं. प्रत्येकाने आठ आठवडे खरं मांस खाल्लं आणि आठ आठवडे वनस्पतींचं. वनस्पतींच्या काळात एलडीएल सरासरी 121 च्या जागी 110 च्या आसपास आलं, वजनही किलोभराने कमी भरलं. मात्र प्रयोगाला पैसा ते वनस्पतींचं मांस बनवणाऱ्या कंपनीनेच दिला होता, आणि 36 माणसं म्हणजे फार नव्हेत. निकाल खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नको. तुझ्याकडच्या पाकिटाच्या मागे काय लिहिलंय ते आधी वाच. खोबरेल तेल किंवा पामतेल वरच्या दोन-तीन नावांत असेल तर संपृक्त चरबी मागच्या दाराने परत आलीच. मीठही बघ. तुला बीपीची गोळी आहे.

मला खरं वाईट वाटतं ते याचं की हे पाकीट ज्या सोयाबीनचं बनतं, ते तुझ्या-माझ्या वावरात पिकतं. सोंगलं, काढलं, मार्केटात घातलं, संपलं. तेल मिलमध्ये निघतं, ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि पिकवणाऱ्याच्या घरी दाणा शिजत नाही. सोयाबीनमध्ये जवळपास 40 टक्के प्रथिनं असतात. तेल काढलेल्या पिठाची जी वडी दुकानात मिळते, तिच्यात तर निम्मी प्रथिनंच. तुझं वजन साठ किलो धरलं तर दिवसाला 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. 30 ग्रॅम कोरड्या वडीत त्यातली 15 मिळून जातात. उकळत्या पाण्यात भिजवायची, दोनदा पिळायची, मग रस्श्यात टाकायची. मटणाची हौस त्यात बरीचशी भागते.

आपल्या भागात मटणाला पर्याय शोधायला पुण्याच्या दुकानात जायची गरजच काय? पाटोडीचा रस्सा आहे. बेसनाच्या वड्या, सावजी मसाला, तोच झणका. मुंगवड्यांची भाजी आहे, डाळकांदा आहे, हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची आमटी आहे. ज्वारीत जे एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा घटक, कमी पडतं ते डाळीत भरपूर, आणि डाळीत जे कमी ते ज्वारीत, म्हणून भाकर आणि वरण दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की प्रथिनं पुरी होतात. फक्त रस्श्यावर दोन बोटं तर्री ठेवू नको, नाहीतर एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय? फणसाची भाजी मटणासारखी लागते खरी, पण फणसात प्रथिनं अगदी नावालाच. चवीसाठी खा, मटणाचा पर्याय म्हणून मोजू नको.

लोहाचं ध्यानात ठेव. मटणातलं लोह शरीर सहज घेतं, डाळी-पालेभाजीतलं तेवढं नाही. जेवताना लिंबू पिळ, आवळा खा, आणि जेवणावर लगेच चहा घेण्याची तुझी जुनी सवय सोड. चहाने लोह अडतं.

आता दूध. इथे मात्र मी तुझ्याशी भांडणार आहे.

बदामाचं दूध हे बहुतांश पाणी. गाईच्या दुधात 100 मिलीला तीनेक ग्रॅम प्रथिनं असतात, या खोक्यातल्यात बहुधा एकसुद्धा भरत नाही. बरोबरी करतं ते सोयाबीनचं दूध, पण कॅल्शियम त्यातही कमीच, कारखान्यात वरून घातलं असेल तरच. ते तळाशी बसतं, म्हणून खोकं हलवून ओत. घरी करायचं तर भिजवलेलं सोयाबीन उकळत्या पाण्यात टाकून मग वाट, गाळ, आणि पंधरा-वीस मिनिटं ढवळत उकळ. कच्चं सोयाबीन पोटात प्रथिनं पचू देत नाही, उकळल्यावर तो दोष जातो आणि उग्र वासही कमी होतो. उरलेला चोथा धिरड्यात घाल. वहिनींना थायरॉईडची गोळी आहे, त्यांना सांग की गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवायचं. आणि नातवाला यातलं काही दुधाऐवजी देऊ नका, बालरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय तर नाहीच.

तुला माहीत आहे का, दुधाला पर्याय शोधायची ही खटपट आपल्याच जिल्ह्यात झालीय. 1935 मध्ये गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन जेवणात आणून पाहिलं आणि आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात त्यावर लिहिलं. त्यांनी 1912 मध्ये आफ्रिकेत दूध सोडलं होतं. पुढे मोठ्या आजारपणात शेळीच्या दुधावर यावं लागलं. दुधाची जागा घेईल असं वनस्पतीचं अन्न सापडलं नाही, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलं. दुधातलं जीवनसत्त्व बी12 तेव्हा ठाऊकच नव्हतं, ते वेगळं काढता आलं 1948 मध्ये. हे बी12 डाळीत, भाजीत, सोयाबीनमध्ये भरवशाचं मिळत नाही. कमी पडलं की हातापायाला मुंग्या येतात, थकवा येतो, विसरायला होतं, आणि हे सगळं वयावर ढकललं जातं. सगळं प्राणिजन्य सोडायचं असेल तर बी12 ची गोळी घ्यावीच लागेल. नसेल घ्यायची तर साय काढलेलं दूध-दही रोजच्या जेवणात परत सुरू कर, कोलेस्टेरॉलला ते जड जाणार नाही.

मासळीऐवजी जवस म्हणतोस, तर जवसाची चटणी रोज खा, पण नीट कुटून, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. मासळीतल्या ओमेगा-3 या चांगल्या चरबीची पूर्ण बरोबरी त्याने होत नाही, कारण जवसातल्यापैकी थोडंच शरीर त्या रूपात बदलतं. तरीही खाण्यासारखंच आहे.

शेजारचा पोरगा मंगळवारी पुण्याला येतोय. त्याच्याजवळ पाच किलो सोयाबीन, जवस आणि हिची मुंगवड्यांची पिशवी देतोय. पिशवी उन्हात ठेव. बी12 ची तपासणी या आठवड्यातच करून घे आणि आकडा मला कळव, गोळीचं तुझ्या डॉक्टरांशी बोलून ठरव. कोलेस्टेरॉल तीन महिन्यांनी परत तपास.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बंडू