कलाम सरांच्या फोटोला हार घालताय, तर पुस्तकांचं कपाट पण उघडा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत गेली बावीस वर्षं पेपर टाकतो, तुमचाही पेपर माझ्या लाईनला आहे. पत्र पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर समजून घ्या. विषय आहे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा.

२८ जुलै २०१५ ची पहाट मला अजून जशीच्या तशी आठवते. आदल्या दिवशी आषाढी एकादशी होती, त्यामुळे पहिल्या पानावर पंढरपूरचा फोटो येणार हे आम्ही धरूनच चाललेलो असतो. पण रात्री टीव्हीवर बातमी आली की कलाम सर गेले, शिलाँगच्या आयआयएममध्ये पोरांसमोर बोलायला उभे राहिले आणि काही मिनिटांतच स्टेजवर कोसळले. पहाटे चारला गठ्ठ्याची सुतळी कापली तर वरच्याच अंकावर त्यांचा हसरा फोटो. आम्ही सात-आठ जण तिथं पुरवण्या भरत बसतो, एरवी नुसता कलकलाट असतो, कोण चहा सांगतंय, कोण अंक कमी आले म्हणून भांडतंय, त्या दिवशी कुणी बोलेचना. साडेसातलाच माझे जादा अंक संपले. एका आजोबांनी दोन घेतले, एक वाचायला आणि एक ठेवायला, म्हणाले याची रद्दी नाही करायची.

आम्हा पेपरवाल्यांना ते इतके जवळचे का, तर ते आमच्यातलेच. म्हणून तर १५ ऑक्टोबरला, त्यांच्या वाढदिवशी, आपल्याकडं वृत्तपत्र विक्रेता दिन पण करतात. दुसरं महायुद्ध चालू झालं तेव्हा रामेश्वरम स्टेशनात गाडी थांबायची बंद झाली, मग पेपरचे गठ्ठे रामेश्वरम आणि धनुष्कोडीच्या मधे चालत्या गाडीतनं खाली फेकायचे. त्यांच्या चुलतभावाकडं, शमसुद्दीनकडं, पेपर वाटायचं काम होतं आणि ते गठ्ठे झेलायला हे आठ-नऊ वर्षांचं पोर. त्यांची पहिली कमाई ती. आता गठ्ठा वरून पडला की काय होतं ते आम्हाला विचारा, सुतळी तुटते, कडेचे चार-पाच अंक फाटतात, गिऱ्हाईक तसला अंक घेत नाही आणि तोटा आपल्याच अंगावर. तेवढ्याशा हातांनी ते पोरगं गठ्ठे कसं झेलत असेल हा विचार माझ्या मनातनं जात नाही.

अजून एक गोष्ट. शेवटच्या दिवशी गुवाहाटीहून शिलाँगला जाताना त्यांच्या पुढच्या उघड्या जिप्सीत एक जवान बंदूक घेऊन सतत उभा होता, अडीच तासांचा रस्ता. तो का उभा आहे, दमेल तो, त्याला बसायला सांगा असं ते गाडीत परत परत म्हणत राहिले. वायरलेसवर निरोप द्यायचा प्रयत्न झाला पण जमलं नाही, तर पोचल्यावर त्याला बोलावून घेतलं, हातात हात घेतला, माझ्यामुळं तुम्हाला एवढा वेळ उभं राहावं लागलं म्हणाले. आणि त्यानंतर थोड्याच वेळात ते गेले. राष्ट्रपती राहिलेला माणूस, भारतरत्न, चौऱ्याहत्तराव्या वर्षी आपल्या पुण्याच्या लोहगाववरून सुखोईत बसून उडालेला माणूस, आणि लक्ष कुणाकडं तर उभ्या असलेल्या जवानाकडं.

केंद्र सरकारनं तेव्हा सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला, झेंडे अर्ध्यावर आले, सुट्टी मात्र दिली नाही, ते मला फार बरोबर वाटलं. ३० जुलैला रामेश्वरममध्ये दफनविधी झाला, केवढी गर्दी होती ती सगळ्यांनी टीव्हीवर बघितलीय. पुढं दोन वर्षांनी तिथं स्मारकही झालं. आणि आपल्या महाराष्ट्रानं १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन ठरवला, माझ्या मते एवढा चांगला मान दुसरा नाही, कारण तो रोजच्या वापरातला आहे.

पण होतं काय ते सांगतो. माझ्या लाईनवर एक शाळा आहे, नाव लिहीत नाही, कुणाला कमी दाखवायचं नाहीये. गेल्या १५ ऑक्टोबरला मी पेपर द्यायला गेलो तर व्हरांड्यात खुर्चीवर कलाम सरांचा फोटो, झेंडूचा हार, उदबत्ती, भाषणं चालू. आणि त्या खुर्चीच्या मागंच काचेचं पुस्तकांचं कपाट, कुलूप लावलेलं, काचेवर एवढी धूळ की पुस्तकांची नावं वाचता येईनात. शिपाईमामांना विचारलं तर म्हणाले चावी ऑफिसात असते, पोरं पुस्तकं फाडतात म्हणून काढत नाही. वाचन प्रेरणा दिनाच्या दिवशी! मी रोज टाकतो तो पेपर पण ऑफिसच्या टेबलावरनं तसाच रद्दीत जातो, पोरांच्या हाताला लागत नाही. मला रात्री झोप लागली नाही हो. फाटू देत की पुस्तकं, वाचून फाटलेलं पुस्तक चिकटवता येतं.

माझ्याकडं दोन पोरं लाईन टाकतात, एक दहावीला आहे, पेपर टाकून साडेसहाला घरी जातो आणि मग शाळा. तो सायकल लावून आधी मधलं पान वाचतो, मी ओरडत नाही, पाच मिनिटं उशीर झाला तर गिऱ्हाईकाचं मी ऐकून घेतो.

तर माझी विनंती एवढीच आहे की यंदा शाळांनी हार जरूर घालावा पण त्याच दिवशी कपाटाचं कुलूप काढावं आणि परत लावू नये, आणि रोजचा पेपर फळ्याशेजारी दोरीला अडकवावा, पोरं मधल्या सुट्टीत येऊन वाचतील. माझ्या लाईनवरच्या ज्या शाळेला पेपर परवडत नाही तिला एक अंक मी माझ्या खिशातनं वर्षभर देईन. बाकीच्या विक्रेत्यांनी पण आपापल्या गावात एकेक शाळा घ्यावी. हे पत्र छापलंत तर त्या दिवशी पाच अंक जादा उचलतो, एक त्या कपाटवाल्या शाळेत मी स्वतः नेऊन देईन.

आपला,
एक पेपरविक्रेता, मिरज