पीएच.डी.तला पत्रव्यवहार शिकवायला हवा

महोदय,

पीएच.डी.चा विषय जसजसा नेमका होत जातो, तसतशी त्यावर बारकाईने बोलू शकणारी माणसे कमी होत जातात. दोन-तीन वर्षांनी तर खुद्द मार्गदर्शकालाही त्या कोपऱ्यातले सगळे ठाऊक असेलच असे नाही. ज्यांना ठाऊक असते त्यांची नावे विद्यार्थ्याच्या संदर्भसूचीत आधीपासून असतात. तरी त्यांच्यापैकी कोणालाही एक ओळ न लिहिता कित्येक प्रबंध पूर्ण होतात. संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र शिकवतात, संदर्भ कसे द्यायचे ते शिकवतात. मात्र अनोळखी अभ्यासकाला कसे लिहावे, हे विद्यार्थ्याच्या धिटाईवर सोडून दिले जाते. हे बरोबर नाही.

छापून आलेल्या शोधनिबंधात बरेच काही नसते. आधी करून पाहिलेली आणि फसलेली पद्धत नसते. प्रश्नावलीतला कोणता प्रश्न लोकांना कळलाच नाही, कोणते नमुने का बाद केले, अभिलेखागारातली कागदपत्रे सूचीत भलत्याच शीर्षकाखाली कशी नोंदली आहेत, हे ज्याने काम केले त्यालाच माहीत असते आणि विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. म्हणूनच विचारण्याची खरी वेळ आराखडा पक्का करताना, माहिती गोळा करण्याआधीची. प्रबंध टंकलिखित झाल्यावर आलेला उत्तम सल्लाही फार तर ‘अभ्यासाच्या मर्यादा’ या प्रकरणात एक परिच्छेद वाढवतो.

लिहावे कोणाला? विद्यार्थी सहसा क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या नावाकडे धाव घेतात, आणि तिथेच उत्तर येण्याची शक्यता सर्वांत कमी. शोधनिबंधात पत्रव्यवहारासाठी ज्या लेखकाचा पत्ता दिलेला असतो, त्याच्यापासून सुरुवात करावी. त्याहून चांगले म्हणजे त्याच विषयावर नुकतीच पीएच.डी. झालेली व्यक्ती. तिच्या हातांना त्या कामाची अजून सवय असते, अडचणी आठवत असतात आणि दखल घेतली गेल्याचा आनंदही असतो. निबंधातला ईमेल बंद पडला असेल, तर त्याच लेखकाचा अगदी अलीकडचा निबंध किंवा त्याचे ऑर्किड पान पाहावे. ऑर्किड हा संशोधकाचा सोळा अंकी ओळख क्रमांक. माणसाने संस्था बदलली तरी तो बदलत नाही.

पत्र दीडशे ते दोनशे शब्दांचे पुरते. विषयाच्या ओळीत निबंधाचा उल्लेख आणि प्रश्नाचा गाभा असावा. ‘मार्गदर्शनाची विनंती’ एवढेच लिहिलेले पत्र बाजूला पडते. पहिल्या वाक्यात आपण कोण, कुठे आणि कशावर काम करतो ते सांगावे. दुसऱ्यात त्यांच्या कोणत्या निबंधातल्या कोणत्या तक्त्याबद्दल किंवा पानाबद्दल विचारत आहोत ते. मग उत्तर शोधण्यासाठी आपण काय काय पाहिले, आणि शेवटी एकच प्रश्न, दहा मिनिटांत उत्तर देता येईल असा. भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांनी ४ जून १९२४ रोजी आइन्स्टाइनना लिहिलेले पत्र या दृष्टीने आजही वाचण्यासारखे आहे. सोबत एक लहान निबंध, त्यात नवे काय याचा एका वाक्यात उल्लेख, जर्मन भाषांतर करण्याइतकी ती भाषा आपल्याला येत नाही ही स्पष्ट कबुली, आणि तो योग्य वाटल्यास प्रसिद्ध करण्याची व्यवस्था करावी ही नेमकी विनंती. आइन्स्टाइननी स्वतः भाषांतर करून तो निबंध छापवून आणला. निबंधाची ताकद तर होतीच. पण काय करायचे हे वाचणाऱ्याला शोधत बसावे लागले नाही.

चुका बहुतेक ठरलेल्या असतात. ‘तुमचे सर्व निबंध पाठवा’, ‘मला विषय सुचवा’, ‘सोबतचा प्रबंध पाहून अभिप्राय द्या’ अशी पत्रे समोरच्यावर कित्येक तासांचे काम लादतात. एकाच विभागातल्या चौघांना तोच मजकूर पाठवला तर ते एकमेकांत बोलतात आणि चौघेही गप्प राहतात. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदा, दोन ओळींची आठवण द्यावी, त्यानंतर थांबावे. मौनामागे बहुधा रजा, परीक्षा किंवा तुंबलेली टपालपेटी असते, म्हणून ते मनाला लावून घेऊ नये. आलेल्या उत्तराचे मात्र आभार मानावेत, आणि त्याचा उपयोग कसा झाला हे काही महिन्यांनी कळवावे. ओळख इथून पुढे वाढते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यापेक्षा मोकळेपणाने मिळते.

दोन बाबतींत उशीर महागात पडतो. पहिली परवानगीची. कोणाची प्रमाणित मापनश्रेणी, म्हणजे मोजमापासाठी तपासून पक्की केलेली प्रश्नावली, वापरायची किंवा भाषांतरित करायची असेल, तर हक्क ज्याच्याकडे आहे त्याची लेखी परवानगी नीतिमत्ता समितीकडे अर्ज करण्याआधीच हाती हवी. कित्येकदा हक्क लेखकाकडे नसून प्रकाशकाकडे असतात, हे विचारल्यावरच कळते. ही पत्रे जपून ठेवावीत, परिशिष्टात लागतात. दुसरी बाब जुन्या विदेची, म्हणजे संशोधनात गोळा केलेल्या मूळ माहितीची (डेटाची). ५१६ प्राणी-वनस्पती अभ्यासांची २०१४ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी सांगते, की निबंध जुना होईल तशी त्याची मूळ विदा शाबूत असण्याची शक्यता दर वर्षी सुमारे १७ टक्क्यांनी घटते, आणि लेखकाचा ईमेल चालू असण्याची सुमारे ७ टक्क्यांनी. ‘नंतर मागू’ म्हणत विदा गमावणारे विद्यार्थी कमी नाहीत.

कल्पना चोरीला जाईल या भीतीने अनेक जण लिहितच नाहीत. भीती अगदीच निराधार नाही, पण तिच्यावर उपाय आहे. प्रश्न आणि पद्धत सांगावी. अप्रकाशित निष्कर्ष आणि आकडे मार्गदर्शकाशी बोलल्याशिवाय पाठवू नयेत. क्षेत्रात रूढ असेल तर पूर्वप्रत, म्हणजे नियतकालिकात छापून येण्याआधीचा निबंध, आधी सार्वजनिक संग्रहात ठेवावी, म्हणजे तारखेची नोंद राहते. मार्गदर्शकाला पत्रव्यवहार माहीत असण्याचे आणखी एक कारण आहे. ज्यांच्याशी निकटचे सहकार्य झाले ते पुढे बहिःस्थ परीक्षक म्हणून अनेक ठिकाणी चालत नाहीत. क्षेत्र लहान असेल तर ही अडचण मोठी होते.

विद्यापीठांकडे मागणी साधी आहे. अभ्यासक्रमात या विषयाला दोन तासिका द्याव्यात, आणि पहिल्या वर्षाच्या प्रगती अहवालात ‘कोणाशी संपर्क साधला, काय विचारले, काय कळले’ असा रकाना घालावा. उत्तर न आलेली पत्रेही त्यात मोजावीत, नाहीतर विद्यार्थी फक्त सोपे दरवाजे ठोठावतील. आणि ज्यांच्याकडे अशी पत्रे येतात त्या प्राध्यापकांना विनंती : वेळ नसेल तर तसे दोन ओळींत कळवा, जमल्यास दुसरे एखादे नाव सुचवा. तेवढ्याने एखाद्या विद्यार्थ्याचे वाट पाहण्यात जाणारे महिने वाचतात.

— एक पीएच.डी. मार्गदर्शक